उन्हात वाळत घातलेलं भांडण

विलास,

तू गेलास, तर आता तुझ्या मोटरीवरचा एक आळ तरी मी काढून टाकते. त्या चैत्रात तुझी सोलरची मोटर भर उन्हात मुकी झाली होती आणि गावाला तू सांगितलंस की वायर ढिली झाली. वायर ठणठणीत होती. तुझ्या प्लेटांवर मी कुरडया वाळत घातल्या होत्या.

हसू नकोस. माझी बाजू ऐकून घे. माहेरी वाळवण घालायचं म्हणजे केवढी लढाई असते! अंगणात कोंबड्या, पत्र्यावर कावळे, आणि शेळीला तर चिकाचा वास आला की ती दावं तोडते. आणि तिथं विहिरीजवळ तू त्या निळ्या प्लेटा कशा उभ्या करून ठेवलेल्या! स्वच्छ पुसलेल्या, कमरेइतक्या उंच, उन्हाकडं तोंड करून तिरक्या. मला वाटलं, देवानंच वाळवणासाठी बाजा धाडल्यात. तू सकाळी विट्याला गेलेला. तुझी बायको मंगल चुलीशी गव्हाचा चीक घोटत होती. मी आबांची जुनी पांढरी धोतरं धुऊन प्लेटांवर ताणून बांधली आणि त्यांवर सोऱ्यानं कुरडया घातल्या. इतक्या गोल, इतक्या ओळीनं, की मीच लांब जाऊन एकदा बघून आले.

तेव्हा मी तरुण होते. नुकतीच साठी ओलांडलेली. त्या वयात बाईला वाटतं, आपल्याला न कळणारं जगात काही उरलेलंच नाही. त्यातून मी मॅट्रिक, आणि शास्त्रात वर्गात पहिली. प्रकाशाचा धडा मी गुरुजींच्या आधी म्हणून दाखवायची. त्या धड्यात कुरडयांबद्दल काही नव्हतं, त्याला मी काय करणार?

तू परत आलास ते मोटर बंद. तू प्लेटांच्या मागची पेटी उघडलीस, टेस्टर लावलास, विहिरीत वाकून पाहिलंस, कंपनीच्या माणसाला फोन लावलास. आणि मी? मी बांधावर बसून तुला शहाणपण शिकवत होते.

"तुला मी सांगत हुते, सूर्याचं काय खरं न्हाई. आमच्या उंब्रजला नदी हाय. नदी कशी, बोलावली की मळ्यात येती."

"आक्का, तुझी नदी पण लाईट असली तरच वर चढती."

"चढती तर खरी! तुझा सूर्य बघ, डोक्यावर उभा हाय आन् कामाला न्हाई. कुठला सायेबच लागून गेलाय!"

हे वाक्य मला इतकं आवडलं की शेजारीपाजारी जाऊन सांगून आले. परत येते तो तू प्लेटांच्या पुढच्या अंगाला उभा. हातात माझी एक कुरडई, अर्धी ओली, अर्धी कडक. तू आता ओरडणार म्हणून मी आधीच तोंड वाकडं करून तयार राहिले. तू त्या कुरडईचा तुकडा मोडलास, तोंडात टाकलास, सावकाश चावलास, आणि म्हणालास, "आक्का, मोटर बिघडली न्हाई गं. ऊन दुसऱ्या कामाला लागलंय."

मला वाटलं, आता धोतरं ओढून काढशील. तू हात लावला नाहीस. "वाळू दे. डाळिंबं काय, आजचा दिवस कळ काढतील," म्हणालास. आणि ऊन उतरेपर्यंत तुझी सगळी वीज माझ्या कुरडया पीत बसल्या.

जेवताना तू समजावलंस. ओळीतल्या एका प्लेटेवर जरी सावली पडली, तरी तिच्या जोडीच्या सगळ्यांचं बळ जातं. "एक रुसली की अख्खी रांग बसती," तू म्हणालास. मी म्हटलं, "म्हंजी सासरच की!" मंगलला ठसका लागला. ते तेव्हा हसण्यावारी गेलं.

तसं उन्हावरून आपलं वैर जुनं. आबांचं पंचांग वाचायचं जाड भिंग तू पळवलंस आणि माझ्या नव्या परकराला भोक पाडलंस, आठवतं? आईनं विचारलं, "कुनी जाळला ह्यो?" तर तू एवढंसं बोट वर केलंस, आभाळाकडं. "त्यानं." आई हसली आणि तू सुटलास. त्या दिवसापासून सूर्य तुझ्या बाजूचा आणि मी विरुद्ध पक्षात.

मग तू फौजेत गेलास. तुझ्या बरोबरीची पोरं सराफांचं जुनं सोनं गाळायला देशभर पांगली. कुणी कोणत्या शहरात, कुणी कोणत्या. तू बर्फात. सुट्टीवर आलास की मी तुला लाडू खायला घालायची आणि तू मला ऊन सांगायचास. "तिथं वर चूलसुद्धा पेटायला न्हाई म्हणती आक्का. पन एका प्लेटीवर वायरलेस बोलायचा. तिथलं ऊन लय गरीब. त्या गरिबानं एवढं केलं, तर आपल्या माळावर उनाची सावकारी हाय." मी म्हणायची, लाडू खा. तू रिटायर होऊन आलास तेव्हा गावातले सोनं गाळणारे गाळतच होते, आणि तू ऊन गाळायला घरी आलास. विहिरीवर त्या प्लेटा बसवल्यास. आटपाडीकडून येणारा वारा त्यांच्यावर धूळ आणून टाकायचा आणि तू सकाळी ओल्या फडक्यानं ती पुसायचास, जसं आई देव्हाऱ्यातले टाक पुसायची.

मला ती दुपार अजून दिसते. कुठली एक दुपार नव्हे. दरवर्षीच्या चैत्रातल्या सगळ्या दुपारी मिसळून तयार झालेली एकच. प्लेटांच्या सावलीत तू बाज टाकलेली. तू बाजेवर, मी खाली पोत्यावर, मंगल लसूण सोलत. वर आभाळ इतकं पांढरं की त्याच्याकडं बघायचं नाही. लांबून पाहिलं तर त्या प्लेटा म्हणजे कुणीतरी विहिरीचं पाणी तिरकं उभं केलंय असं वाटायचं. एखादं पाखरू फसून त्यावर उतरायचं, चोच मारायचं आणि लाजून उडून जायचं. माळावरची मेंढरं एकेक करून आपल्या सावलीत शिरायची. तुझ्या पायाशी डोकं ठेवायची. खाली पाण्याचा आवाज, वर काहीच आवाज नाही. ना धूर, ना खडखड. इतकी मोठी वस्तू काम करते आणि तिचा आवाज येत नाही, हे मला कधी खरंच वाटलं नाही. डोळे मिटत यायचे. आणि अर्धवट झोपेतच मी भांडण काढायची.

"समदं चालंल व्हय सूर्यावर?"

"समदं न्हाई. पन लय चालंल."

"साखर कारखाना?"

"त्यो उसाच्या चिपाडावर स्वतःची वीज करतो. आन् ऊस कशावर वाढतो? ऊस म्हंजी हिरवं सोलरच की."

"आषाढात? आमच्याकडं आषाढात सूर्य माहेरी जातो."

"आषाढात पिकाला पाणी कोण पाजतंय?"

"आन् रातचं काय?"

इथं तू हसायचास. रातचं काय, हा माझा हुकमी पत्ता. तू उठून बसायचास. दिवसा पाणी उंचावर चढवून ठेवायचं आणि अंधार पडला की खाली सोडून वीज करायची. दिवसा उन्हानं राबावं, रात्री धरणानं. बॅटऱ्या आज महाग आहेत, उद्या उतरतील. मी म्हणायची, "आन् दोघंबी एकदम रुसली तर?" खोटं बोलणं तुला जमायचं नाही, हीच तर तुझ्याशी भांडताना अडचण. मग म्हणायचास, "तर थोडा कोळसा जाळावा लागंल आक्का. मी कुठं म्हनतो एकट्या सूर्यानं संसार करावा? एकट्यानं संसार केलाय कुनी?"

आणि मी हरायला लागले असं दिसलं की तू तुझा पत्ता टाकायचास. "दाजींचं गुडघं कसं हायत?"

तुझ्या दाजींनी जन्मभर रात्रीच्या लाईटीवर उसाला पाणी पाजलं. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. लाईट येईल तेव्हा मोटर चालू करायची आणि बॅटरीच्या उजेडात, चिखलात उभं राहून दारं धरायची, एक सरी भरली की पाणी दुसरीत वळवायचं. एकदा फुरसं पायावरून गेलं. पहाटे ते घरी आले की त्यांचे पाय मी कढत पाण्यात घालायची आणि वाटायचं, हे पाय कुणा दुसऱ्याचेच आहेत. "दिवसा लाईट असती तर त्यो मानूस रातचा घरी झोपला असता," तू म्हणायचास. मी चहा ठेवायला उठायची.

म्हणून तर मला आजही कळत नाही, तू माळाचं विचारलंस तेव्हा मी नाही का म्हटलं.

खरं तर कळतं. तुझ्याशी बोलताना आता काय लपवायचं?

आईच्या मागं माळावर आपल्या दोघांची नावं लागली. बहिणींनी भावाला हक्क सोडून द्यायचा, ही आपल्याकडची रीत. मीही निघाले होते. तूच मला तहसीलच्या पायरीवरून माघारी आणलंस. "नाव राहू दे आक्का. नाव असलं की पाय वळत्यात." एवढंच बोललास आणि मला उसाचा रस पाजून एसटीत बसवलंस. मी साऱ्या वाटेत खिडकीकडं तोंड करून बसले. उंब्रज आलं तरी डोळे पुसून झाले नव्हते.

आणि त्याच माळावर सोलरचा प्रकल्प यायचा म्हणून गाव तुझ्या मागं लागलं. कुसळी उगवणारा तो माळ, शेजारचे पडीक पड, सगळं मिळून भाड्यानं द्यायचं. तिथं प्लेटांचं रान उभं राहणार आणि त्या विजेवर गावातली प्रत्येक शेतीची मोटर दिवसा चालणार. रात्री कुणी दारं धरायला जायचं नाही. सगळ्यांनी हो म्हटलं. अडलं माझ्यापाशी. मी एकेक कारण काढत गेले. रातचं काय? मेंढरं कुठं जातील? तारेचं कुंपण घातल्यावर आईच्या माळावर पाय ठेवायलाही कुणाला विचारायचं? कारणं खोटी नव्हती रे. मेंढरांचं तर अजूनही खरं आहे. पण खरं कारण वेगळंच होतं. मी हो म्हटलं असतं तर आपलं भांडण मिटलं असतं. आई नाही, आबा नाहीत. म्हातारीला माहेरी जायला "भांडायला चालले" यापेक्षा चांगलं कारण कुठलं? तुझे दाजी विचारायचे, "आता का चाललीस?" मी पदर खोचून म्हणायची, "त्याला सरळ करून येते." आणि डोक्यावर टोपलं, काखेत सोऱ्या घेऊन निघायची. नुकतंच लग्न झालेल्या पोरीसारखी. या वयात!

तू कधी रागावला नाहीस. शेवटच्या फोनवरसुद्धा. "आक्का, घाई न्हाई. पन गाव थांबलंय," इतकंच म्हणालास. मी म्हटलं, "बघू." तू म्हणालास, "बघ बघ. ऊन हाय तवर बघून घे." मी म्हटलं, "ऊन कुठं जातंय?" आणि आपण दोघंही हसलो.

ऊन कुठंही गेलं नाही. तू गेलास.

भर दुपारी, बाजेवर, प्लेटांच्या सावलीत. मंगल सांगत होती, जेवून पडलास ते झोपलाच आहेस असं वाटलं. मेंढरं तुझ्याभोवती तशीच बसून होती. मोटर चालू होती. कुणाला बंद करायचं सुचलं नाही. गाव गोळा झालं, रडारड झाली, मला फोन आला, मी उंब्रजहून निघाले, आणि तिकडं टाकी भरून पाणी बाहेर वाहतच राहिलं. बांधावरून खाली, शेजाऱ्याच्या पडात. मी पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. पाण्याची धार बारीक झाली, आणखी बारीक झाली, आणि कुणीही हात न लावता मोटर आपोआप थांबली. तेव्हा मला कळलं, तू नाहीस.

त्या दिवसापासून तू मला रोज दिसतोस. स्वप्न म्हणावं तर डोळे उघडे असतात. उंब्रजच्या परसात बसते आणि समोरच्या उसाच्या पानांवर ऊन हललं की तू फडकं घेऊन चाललेला दिसतोस. सगळा माळ निळा झालाय, जणू कृष्णामाई वाट चुकून आपल्या दुष्काळी भागात आलीय आणि चढावर आडवी झोपलीय. तू एकेक लाट पुसत जातोस. मी मागून हाका मारते, अरे रातचं काय, सांगून तरी जा. तू मागं न बघता बोट वर करतोस. त्यानं.

तुझ्या तेराव्याला मंगलनं डबा काढला. गेल्या चैत्रातल्या कुरडया. नैवेद्याच्या पानावर काहीतरी तळलेलं हवं म्हणून मीच कढईपाशी बसले. तेलात कुरडई सोडली आणि ती फुलली, एकदम, कढईभर. आणि माझा झारा तसाच हातात राहिला. हे गेल्या चैत्रातलं ऊन होतं रे. त्या उन्हात तू होतास. तू प्लेटा पुसत होतास आणि मी तिकडं, या खेपेला शहाण्यासारखी, खाटेवर कुरडया घालत होते. ते ऊन डब्यात बसून राहिलं, सगळा पावसाळा, सगळी थंडी, तू जाईपर्यंत आणि तू गेल्यावरही. आई हेच तर करायची. आषाढात चार दिवस सूर्य दिसायचा नाही तेव्हा ती आपल्याला चैत्र तळून द्यायची. आपण कुडुमकुडुम खायचो आणि कुणी विचारलं नाही, ऊन मावळल्यावर काय?

माझ्या हुकमी पत्त्याला हे उत्तर तुला इतक्या वर्षांत सुचलं नाही. मला सुचलं. म्हणजे मी जिंकले म्हणायचं की हरले? तू असतास तर यावर एक अख्खी दुपार गेली असती. कुरडईवर कारखाना चालत नाही, हे मलाही कळतं. पण उत्तर कुठल्या दिशेला आहे, एवढं तर कळलं.

आणि आणखी एक कळलं, ते तुला सांगायला उशीर झाला. एकीवर सावली पडली की अख्खी रांग बसते. गावातल्या एवढ्या सगळ्यांत सावली धरून बसलेली मी एकटीच होते. पहिल्यांदा धोतर पसरलं तेव्हा तुझी डाळिंबं एक दिवस तहानली. दुसऱ्यांदा पसरलं ते सगळ्या गावाच्या उन्हावर, आणि तू तेही ओढून काढलं नाहीस. वाळू दे म्हणालास.

दुसऱ्या दिवशी मी आणि मंगल माळावर गेलो. मेंढरं बसली होती. वारा होता. मी मंगलला म्हटलं, "पंचायतीत सांग, आक्का हो म्हणती म्हणून. माळाच्या कडंला वाळवणापुरतं ऊन मोकळं ठेवा म्हणावं, आन् मेंढरास्नी प्लेटांखाली शिरू द्या." मग मी उगाच बोलत राहिले. आता काय, कुंपण पडेल, माणसं येतील, माझं इकडं काही काम उरणार नाही, गुडघेही तुझ्या दाजींसारखेच झालेत, एसटीची पायरी उंच असते. मी डोळ्यांवर पदर घेतला, ऊन लागतंय म्हणून.

मंगलनं माझ्या हातातली पिशवी आपल्याकडं घेतली आणि म्हणाली, "आक्का, हो म्हणलासा, लय ब्येस झालं. पर रातचं काय, ह्ये अजून कुठं ठरलंय? चैतात वाळवणाला या. भांडायला मी हाय."